परतीची बैलगाडी

बद्रीनाथअण्णांनी पत्रिका हातात घेतली, चष्मा कपाळावरून नाकावर आणला, पत्रिका लांब धरून पाहिली, जवळ धरून पाहिली, मागं काही आहे का तेही पाहिलं. समोर त्यांची लेक संस्कृती उभी होती. स्वतःच्या लग्नाची, स्वतःच्या हातानं केलेली ही पहिली पत्रिका. बाप आता कौतुक करणार म्हणून तिनं चेहरा आधीच अर्धा हसरा करून ठेवला होता.

"गाडी निस्ती जातीच हाय," अण्णा म्हणाले. "येत न्हाई का?"

एवढं बोलून त्यांनी पत्रिका परत दिली आणि मोटार चालू करायला मळ्यात निघून गेले. मोटार सकाळपासून चालूच होती. घरामागच्या मळ्यातून तिचा आवाज थेट स्वयंपाकघरात येत होता. पण अवघड जागेवरून उठायला अण्णांना आजवर त्या मोटारीइतकं कुणी उपयोगी पडलं नव्हतं.

घर पाहावं बांधून आणि लग्न पाहावं करून, असं म्हणणाऱ्यानं सिरसाळ्यात एखादं लग्न केलेलं असणार. मोठ्या पत्रिका परळीला छापून झाल्या होत्या. सोनेरी कडेच्या, आणि निमंत्रकांच्या नावांनी इतक्या गच्च की नवरानवरीची नावं बोट ठेवून शोधावी लागत. अण्णा सोसायटीचे चेअरमन राहिलेले. एखाद्याचं नाव गाळलं तर तो लग्नात काही बोलत नाही, निवडणुकीत बोलतो. तेव्हा त्या पत्रिकांबद्दल संस्कृतीनं चकार शब्द काढला नाही. तिनं फक्त एवढंच मागून घेतलं, की भावकीतल्या आतल्या माणसांच्या पत्रिका मी हातानं करणार. आणि देवाचीही. पहिली पत्रिका परळीच्या वैजनाथापुढं ठेवायची ही घरची रीत होती, आणि ती ठेवायला सोमवारी अण्णाच जाणार होते.

अंबाजोगाईला शिकताना तिला हातानं कार्डं करायचा नाद लागला होता. शिक्के, शाई, कागद, कात्री यांत ती तासन् तास रमायची. त्याच कॉलेजात तिला धारूरचा रविराज भेटला. मुलगा चांगला, घर चांगलं, शेती चांगली, वर बी-बियाण्याचं दुकान. नाव ठेवायला कुठं जागाच नव्हती, आणि हीच अण्णांची खरी अडचण झाली. त्यांनी होकार दिला तो सगळीकडून हुडकूनही नकार सापडला नाही म्हणून.

पत्रिकेवरचा बैलगाडीचा शिक्का हा मैनुद्दीनचाचांचा आहेर. सिरसाळ्यात रबरी शिक्का म्हटलं की मैनुद्दीनचाचा. ग्रामपंचायत, सोसायटी, खताची दुकानं, दवाखाने, साऱ्यांचे शिक्के त्यांच्या हातचे. हल्ली त्यांचा मुलगा रईस कॉम्प्युटरवर अक्षरं जुळवतो आणि मशीन शिक्का कापून देतं, पण चाचा रोज दुकानात कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसून त्या मशीनला नावं ठेवतात. संस्कृतीसाठी मात्र त्यांनी स्वतः चाकू हातात घेतला. मऊ रबराच्या तळहाताएवढ्या तुकड्यावर त्यांनी गाडी कोरली. दोन बैल, एक पांढरा आणि एक काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचा बांडा. चाकाचे आरे मोजून घ्यावेत असे सुटे. पुढं कासरा धरलेला गाडीवान. आणि गाडीच्या मागच्या टोकाला पाय खाली सोडून बसलेली नवरी, मागं राहिलेल्या गावाकडं बघत असलेली. गाडी कागदावर डावीकडून उजवीकडं निघालेली होती, सिरसाळ्याहून धारूरला.

आता ती येत नाही, असं अण्णांचं म्हणणं होतं.

"त्यांच्या डोक्यात अजून ती रिकामी गाडी हाय," आई म्हणाली. आई म्हणजे सुनिता. भाकरी थापता थापता ती अशी वाक्यं सहज टाकून जायची.

रिकाम्या गाडीची गोष्ट घरात सगळ्यांना ठाऊक होती, फक्त अण्णांच्या तोंडून ती कुणी ऐकली नव्हती. त्यांची थोरली बहीण बायनाबाई धारूरच्या पलीकडं दिलेली. लग्नात तिला आंदण म्हणून घरची वगार दिली. म्हशीची ती पोर अण्णांनीच बाटलीनं दूध पाजून वाढवलेली, आणि दावं धरून चालत बहिणीच्या सासरी नेऊन बांधली तीही त्यांनीच. मिसरूड फुटलेलं नव्हतं तेव्हाची ही गोष्ट. पुढं पंचमीला बहिणीला माहेरी आणायला मुराळी म्हणून त्यांनाच धाडलं. बैल धुतले, शिंगांना गोंडे बांधले, गाडीत बहिणीसाठी गोधडी अंथरली. तिथं त्यांना पोटभर जेवू घातलं आणि या खेपेला जमत नाही म्हणून परत लावून दिलं. सगळा घाट त्या रिकाम्या गोधडीकडं बघत अण्णा घरी आले. बायनाबाई पुढं दर साली माहेरी येत राहिली, आजही येते, पण धारूर म्हटलं की अण्णांच्या कपाळाला आठी पडते ती तेव्हापासून. सिरसाळ्याहून धारूर जीपनं तासाभराची वाट. अण्णा त्या गावाचं नाव असं घेत, की ऐकणाऱ्याला वाटावं मध्ये समुद्र लागतो.

संस्कृतीला राग आला आणि वाईटही वाटलं. राग यासाठी की पत्रिका खरंच सुंदर झाली होती. वाईट यासाठी की बापाचं म्हणणं तिला कळलं होतं. लग्न ठरल्यापासून अण्णा मंडपवाल्याशी बोलत, आचाऱ्याशी बोलत, तिच्याशी मात्र कामापुरतं. ताकास तूर लागू देत नसत. तिला तर एवढंच हवं होतं की सोमवारी अण्णांनी हसतमुखानं ती पत्रिका घेऊन परळीला जावं. उपकार केल्यासारखं नाही, बापानं जावं तसं. त्यासाठी गाडी परत आणायची असेल तर ती परत आणायला तयार होती.

पण आणायची कशी, ते तिला ठाऊक नव्हतं.

आईनं सुचवलं, शिक्का फिरवून मार की. संस्कृतीनं मारला. चाकं वर गेली, बैल आभाळाला पाय लावून लोंबकळले आणि नवरी डोक्यावर आपटली. आई म्हणाली, बाई गं, आणि देवाचं नाव घेऊन परत भाकरीकडं वळली.

मग ती दुकानात गेली. रईसला हे काम सोपं होतं, कॉम्प्युटरवर एक बटण दाबलं की चित्र उलटतं. पण मशीन बंद होतं आणि त्याचा पार्ट पुण्याहून यायचा होता. कधी येईल ते पार्टलाच माहीत. आणि चाचांनी दुसरा शिक्का कोरायचा म्हटलं, तर गाडी कोरून दिल्याच्या दुसऱ्याच दिवशी त्यांच्या डोळ्याचं ऑपरेशन झालेलं. काळा चष्मा लावून ते खुर्चीत बसले होते आणि डॉक्टरनं मान वाकवायलाही बंदी केली होती. गाडी उलटी पाहिजे म्हटल्यावर ते पोट धरून हसले.

"सारी जिंदगी मी उलटं कोरलं बेटा, सुलटं निघावं म्हणून. आता तू त्या सुलट्याचं उलटं मागायलीस. मला ह्या वयात अशा चक्रात नको टाकू."

चहा मात्र पाजला.

घरी येऊन ती तणतणत उरलेल्या पत्रिका करत बसली. रागात माणूस भरभर काम करतं आणि भरभर केलेलं काम बिघडतं. एक पत्रिका तिनं शाई ओली असतानाच मिटली. चूक ध्यानात आल्यावर घाईनं उघडली, तर गाडी फिसकटली होतीच. पण समोरच्या कोऱ्या पानावर दुसरी एक गाडी उठली होती. फिकट, तुटक, बांड्या बैलाला शिंगं नाहीत, गाडीवानाला डोकं नाही. पण उजवीकडून डावीकडं निघालेली. येणारी.

संस्कृती कितीतरी वेळ त्या फिकट गाडीकडं बघत राहिली. म्हणजे शिक्का सरळ कागदावर मारायचाच नाही. आधी मारायचा अशा कशावर तरी, की जे शाई पीत नाही. आणि शाई ओली आहे तोवर त्यावर कागद दाबायचा. छापाचा छाप घेतला की गाडी माघारी फिरते. हे कळलं त्या क्षणी तिला वाटलं, झालंच काम. जगातली निम्मी कामं याच जागी अडतात.

पहिल्यांदा तिनं प्लॅस्टिकच्या फाइलवर शिक्का मारला. शाईचे थेंब थेंब गोळा झाले आणि कागदावरच्या बैलांना देवी आल्यासारखं दिसलं. मग आरसा घेतला. काचेवर कागद ठेवताना तसूभर सरकला आणि गाडीला दोनाची चार चाकं झाली. मग रबरच पाहिजे म्हणून तिनं नव्या चपलेचा तळ वापरला. गाडी छान उठली, पण सगळ्या आभाळभर कंपनीची नक्षीही उठली. लग्नात घालायची चप्पल होती ती, त्यावरून आईशी झालेलं भांडण वेगळंच. सायकलची ट्यूब कापून सपाट केली तर ती सपाट राहायला तयार होईना. त्या गाडीचे बैल घाट चढताना दिसले, नवरी घाट उतरताना.

अण्णा हे सगळं जेवताना बघत होते. विचारत नव्हते. दुसऱ्या दिवशी सकाळी संस्कृती आपल्या टेबलाशी गेली, तर तिथं जाड काळ्या रबराचा एक चौकोनी तुकडा ठेवलेला. मोटारीच्या पाइपाच्या जोडाला गळती लागू नये म्हणून मध्ये घालतात ना, तसलं पॅकिंगचं रबर. वहीच्या पानाएवढं, आणि हात फिरवला तर कुठं खड्डा नाही की उंचवटा नाही. अण्णा दारात पाठमोरे उभे होते.

"मोटारवाल्याच्या दुकानात पडलंतं," ते म्हणाले आणि मोटारीकडं गेले.

रबर मिळालं तरी गाडी काही लगेच आली नाही. नवं रबर तेलकट होतं. संस्कृतीनं ते साबणानं धुतलं, भिंतीच्या रंगाआधी घासतात त्या बारीक पॉलिशपेपरनं हलक्या हातानं घासलं, पुन्हा धुतलं आणि सावलीत सुकवलं. आता शाई त्यावर एकसारखी बसू लागली. पण दिवस एप्रिलचे. सिरसाळ्याचं ऊन असं, की पापड एका बाजूनं घालेपर्यंत दुसरी बाजू वाळते. शिक्का रबरावर मारून कागद उचलेपर्यंत शाई सुकून जाई आणि कागदावर नुसता धूर उठे. पंखा लावला तर आणखी लवकर. मग तिनं मेडिकलमधून ग्लिसरीनची बाटली आणली आणि शाईत थेंबभर मिसळली. ग्लिसरीन जास्त झालं तर रेषा पसरायच्या, कमी झालं तर सुकायच्या. काजळ घालावं तसं बेतानं घालावं लागत होतं.

एवढं करूनही कागद रुसला. तिनं हौसेनं आणलेला कागद खरखरीत होता, हातानं बनवलेला. सरळ शिक्क्याला तो छान. पण छापाचा छाप घ्यायचा तर त्याचे खळगे कोरे राहात. तेव्हा तिनं शिक्क्यापुरती जागा स्टीलच्या वाटीच्या बुडानं घासून घासून गुळगुळीत केली. आणि दाबताना हात हलतो म्हणून हात वापरायचंच सोडलं. रबर टेबलावर, त्यावर कागद, कागदावर जुनं धोतर घडी करून, आणि त्यावरून लाटणं. एकदाच, एकाच दिशेनं. परत मागं फिरवलं की गाडी दुहेरी.

हे सारं जमायचं ते सकाळी, उन्हं वर यायच्या आत. तेव्हा अण्णा अंगणात नुसते येरझारा घालायचे. तिसऱ्या चौथ्या खेपेला आत आले आणि म्हणाले, तुझं रबर घाण राहायलंय. खरंच होतं. आधीच्या छापाची शाई नीट पुसली गेली नाही तर पुढच्या गाडीमागं आदल्या गाडीचं भूत चालत यायचं. अण्णांनी ओलं फडकं हातात घेतलं. मग ते रोजच येऊ लागले. ती शिक्का मारायची, रबरावर तोंडानं हळूच वाफ सोडायची म्हणजे शाई पुन्हा ओलसर व्हावी, मग कागद, मग लाटणं. ते रबर पुसायचे. वाफ सोडायला अण्णांनाही वाटायचं, पण ती म्हणाली तंबाखूची वाफ चालायची नाही. तेव्हापासून त्यांनी सकाळची तंबाखू दुपारवर ढकलली. त्यांची बायको हे काम वीस वर्षं करत होती आणि तिला यश आलं नव्हतं.

बोलणं मात्र तेवढंच. पूस. पुसलं. दे. घे. बाप शेजारी बसलाय, हात काळे करून घेतोय, आणि तरी आपल्याशी बोलत नाही, याचं संस्कृतीला रडू यायचं. ती ते गिळून वाफेत सोडायची.

शनिवारी गाडी आली. कागद एका कोपऱ्यानं सोलत उचलला, तर खाली बांड्या बैलाची दोन्ही शिंगं, चाकाचे सगळे आरे, कासऱ्याची केसाएवढी रेघसुद्धा. अण्णा म्हणाले, हं. त्यांच्या तोंडून एवढं येणं म्हणजे दुसऱ्याच्या तोंडून टाळ्याच.

मग संस्कृतीनं आतली दोन पानं समोरासमोर सजवली. डाव्या पानावर जाणारी गाडी, उजव्या पानावर येणारी. मध्ये तोरण. करायला गेलो गणपती आणि झाला मारुती म्हणतात ते कसं, हे तिला त्याच दुपारी कळलं. बायनाबाईआत्या धारूरकडून जीपनं आली, कैऱ्यांची पिशवी खाली ठेवली, पाणी प्यायली आणि पत्रिका बघून म्हणाली,

"अगं, एकाच चाकोरीत दोन गाड्या समोरासमोर आणल्यास. आता मागं कोण घेणार?"

आई हसली. मग अण्णांनीही पाहिलं. ज्यानं जन्मात कधी बैलगाडी हाकली आहे त्याला ते एका नजरेत दिसणारच. अरुंद वाटेवर समोरासमोर आलेल्या दोन गाड्या म्हणजे आधी हुज्जत, मग आई-बहीण, मग कासरे सोडून मारामारी. बैल तर तोंडाला तोंड लावून झुंजीलाच उभे. नवरीच्या पत्रिकेवर हे चित्र. धारूरच्या व्याह्यांनी पाहिलं असतं तर हसून हसून लोळले असते, किंवा हसलेच नसते, ते आणखी वाईट.

पण आत्यानंच तोड काढली. जाताना पुढनं जावं, येताना मागच्या दारानं यावं, लेक माहेरी अशीच येती. म्हणजे जाणारी गाडी पत्रिकेच्या पुढच्या बाजूला आणि येणारी पाठीमागं. पत्रिका उलटली की गाडी परत फिरलेली. संस्कृतीला ते इतकं आवडलं की तिनं आत्याच्या गालाला शाईचा हात लावला.

रविवारी दुपारपर्यंत देवाची पत्रिका तयार झाली. जेवणं झाली होती. अण्णा ओसरीवर पाटावर बसले होते, आत्या खांबाला टेकून कैरीला मीठ लावून खात होती. आधीच दात आंबायच्या वयात तिला हा शौक. संस्कृतीनं पत्रिका अण्णांच्या हातात दिली. त्यांनी पुढची बाजू पाहिली. उलटली. मागची पाहिली. एकदम चष्मा काढून पुसला आणि पुन्हा लावला.

"हिचं तोंड चुकलं," ते म्हणाले. "गाडी म्हायेराला यायलीय अन् ही बघायलीय सासराकडं."

खरंच की. जाणाऱ्या गाडीत मागं बसून नवरी सिरसाळ्याकडं बघत होती. सगळं चित्र उलटल्यावर तीही उलटली. गाडी सिरसाळ्याकडं तोंड करून निघालेली आणि ती धारूरकडं. इतके दिवस शिंगं, आरे, रेघा बघताना हे कुणाच्या ध्यानातच आलं नव्हतं. संस्कृतीनं समजावलं की छाप सगळा एकदम उलटतो, एकट्या नवरीचं तोंड फिरवता येत नाही. फार तर शिक्का मारताना नवरीवर कागदाचा कपटा ठेवून तिला झाकता येईल, म्हणजे ती छापात येणारच नाही. बोलून गेल्यावर तिला कळलं आपण काय बोललो ते.

"मग गाडी रिकामी येईल," ती हळूच म्हणाली.

अण्णांनी पत्रिका पाटावर ठेवली. आत्यानं कैरी खाली ठेवली आणि पदराला हात पुसले.

"बसू दी तिला तशीच. बरोबर बसलीय ती," आत्या म्हणाली. "जाताना इकडं बघत जाती बाई, अन् येताना तिकडं. मी जल्मभर तसंच केलं." मग अण्णांकडं वळून म्हणाली, "बद्री, त्या पंचमीला मला कुणी अडवलं न्हवतं."

अण्णांनी वर पाहिलं.

"सासू म्हणली जा. मालकही म्हणले जा. मीच न्हाई आले. चंद्री व्यायला झालती."

चंद्री कोण, असं संस्कृती विचारणार होती, पण अण्णांचा चेहरा बघून तिला समजलं. बाटलीनं दूध पाजलेली वगार.

आत्यानं मग सगळं सांगितलं. पहिलारू म्हैस, आज व्यायची की उद्या असं झालेलं. दुसऱ्या कुणाला ती अंगाला हात लावू देत नव्हती. नव्या घरात आपलं म्हणावं असं आत्याला तोवर तेवढं एकच होतं. पण पंचमीला भाऊ गाडी सजवून आलाय आणि बहीण म्हशीपायी येत नाही म्हटलं असतं तर दोन्ही गावं हसली असती. म्हणून तिनं सासूलाच गळ घातली, तुम्हीच नाही म्हणा. सासू बिचारी म्हणाली. गाडी वळणाआड जाईपर्यंत आत्या दारात उभी राहून रडली आणि दिसेनाशी झाल्यावर पळत गोठ्यात गेली.

अण्णा उठले. सगळ्यांना वाटलं, निघाले मोटारीकडं. पण ते पुन्हा खाली बसले.

"पन्नास वर्सं मी त्या माणसांला शिव्या घातल्या, अक्का."

"घातल्या त्या वाया न्हाई गेल्या," आत्या म्हणाली. "त्यांची दुसरी पापं होती."

आईनं पदर तोंडाला लावला. अण्णांचे खांदे हलत होते, आणि ते हसताहेत की काय ते संस्कृतीला पहिल्यांदा कळेना. हसतच होते. डोळ्यांतून पाणीही येत होतं. पन्नास वर्षं जपून ठेवलेलं दुःख असं म्हशीच्या पाठीवर बसून निघून गेलं तर माणसानं दुसरं करावं तरी काय.

"रेडी झाली का रेडा?" डोळे पुसत त्यांनी विचारलं.

"रेडी. कपाळावर चांद होता, आईसारखाच."

अण्णांनी मान हलवली. जणू एवढंच कळायचं राहिलं होतं. मग त्यांनी पत्रिका उचलली, त्या मागं बघणाऱ्या नवरीवरून अंगठा फिरवला. शाई वाळलेली होती, काही फिसकटलं नाही. आणि लग्न ठरल्यापासून पहिल्यांदा ते लेकीकडं सरळ बघून बोलले.

"तू येत जा. एखाद्या बारीला न्हाई आलीस तरी चालंल. म्हशीपायी न्हाई आलीस तरी चालंल. पण कशापायी न्हाई आलीस ते मला खरं सांगत जा. दुसऱ्याच्या तोंडून नको."

संस्कृतीनं मान डोलावली आणि बापाच्या शेजारी पाटाच्या उरलेल्या कडेवर जाऊन बसली. लहानपणी बसायची तशी. पाट एकाच माणसाचा होता, पण अण्णा सरकले. तिला इतकं हलकं वाटलं की आपल्याला एवढे दिवस कसलं ओझं होतं हे तिला त्या वेळी कळलं.

सोमवारी अण्णा इस्त्रीचं धोतर नेसून, पत्रिका टॉवेलात गुंडाळून, पहिल्या जीपनं परळीला गेले. जाताना हसले की नाही ते कुणी पाहिलं नाही, पण दारात उभ्या असलेल्या आत्याला म्हणाले, चंद्रीला विचारलंय म्हणून सांग. आत्या म्हणाली, मरून चाळीस वर्षं झाली तिला, मेल्या. जीप निघून गेली तरी ती हसतच होती.

दुपारी ते प्रसाद घेऊन परतले. संस्कृतीनं पाणी दिलं आणि विचारलं, अण्णा, देवापुढं कोणती बाजू वर ठेवली? अण्णांनी पेला रिकामा केला, तोंड पुसलं.

"आधी जायची ठेवली," ते म्हणाले. "हात जोडले. मग उलटी केली."

आणि मोटार चालू करायला मळ्यात निघून गेले. त्या दिवशी सकाळपासून लाइट नव्हती.